शॅम्पेनचे बूच आणि आपले डोळे

गेल्या आठवड्यात दुपारचा दवाखाना उरकत आला असताना खालापूर तालुक्यातल्या एका गावातील बाई आत आल्या. मी त्यांना लगेच ओळखले. तीन वर्षांपूर्वी त्या आपल्या थोरल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा बावीस वर्षांचा. आपल्या भागातल्या एका शेतघरावर लग्नाच्या स्वागतसमारंभात वाढप्याचे काम करत होता. यजमानांनी परदेशी शॅम्पेन मागवली होती. बाटल्यांचे खोके दुपारभर हिरवळीवर उन्हात पडलेले. संध्याकाळी बाटली उघडताना त्याने तोंडावरची तार काढली आणि बूच कसे बसले आहे ते पाहायला वाकला. बुचाला हात लावण्याआधीच ते सुटले आणि उजव्या डोळ्यावर बसले.

त्या रात्री कोणीतरी डोळ्यात दूध घातले. कोणी डोळा चोळून दिला. दोन दिवसांनी दुखणे असह्य झाले तेव्हा तो माझ्याकडे आला. बुबुळाच्या मागे रक्त साठले होते, डोळ्यातला दाब वाढला होता. मी त्याला ताबडतोब नेत्रतज्ज्ञांकडे धाडले. शस्त्रक्रिया झाली, डोळा राहिला. पण त्या डोळ्याने त्याला आज माणसाची फक्त सावली दिसते. गाडीचा परवाना काढून ड्रायव्हर व्हायचे त्याच्या मनात होते. ते राहून गेले.

त्या वेळी त्याची आई म्हणाली होती, "डॉक्टरसाहेब, पोरगा थेंबभर कधी प्यायला नाही, तरी दारूच्या बाटलीनंच त्याचा डोळा नेला."

आता त्या आल्या होत्या वेगळ्याच कारणाने. धाकटा मुलगा त्याच धंद्यात लागला आहे. "नको म्हणून सांगितलं, पण हाताला दुसरं काम नाही. मग निदान ती बाटली कशी उघडायची ते तरी त्याला कोणी सांगा," असे त्या म्हणाल्या.

वाचकहो, या बाईंचा प्रश्न एकट्यांचा नाही. कर्जतपासून खालापूर-खोपोलीपर्यंत शेतघरे आणि रिसॉर्ट पसरली आहेत. मुंबई-पुण्याची लग्ने, वाढदिवस, कंपन्यांचे मेळावे तिथे होतात आणि वाढायला उभी असतात ती आपल्याच गावांतली मुले. म्हणून या आठवड्यात शॅम्पेनविषयी लिहितो आहे. दारूचा प्रचार करण्याचा यात हेतू नाही. पण जी वस्तू आपल्या मुलांच्या हातात रोज येते, ती काय आहे हे कळलेच पाहिजे.

शॅम्पेन म्हणजे काय?

शॅम्पेन ही द्राक्षांची वाइनच, पण फसफसणारी. फ्रान्सच्या ईशान्य भागात शॅम्पेन नावाचा प्रांत आहे. रँस आणि एपर्ने ही तिथली प्रमुख गावे. त्या प्रांतातल्या द्राक्षांपासून, तिथल्या ठरलेल्या पद्धतीने केलेल्या वाइनलाच शॅम्पेन म्हणायचे असा नियम आहे. बाकी ठिकाणच्या अशा पेयाला 'स्पार्कलिंग वाइन' म्हणतात.

हा फेस येतो कुठून? ताडी आपल्या परिचयाची आहे. उतरवलेली ताडी काही तासांत फसफसू लागते, कारण त्यातले सूक्ष्म किण्व साखर खातात आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू करतात. ताडीच्या मडक्यातून वायू निघून जातो. शॅम्पेनवाले तो कोंडून ठेवतात. आधी साधी वाइन करतात, मग ती बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि किण्व घालतात आणि तोंड बंद करतात. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते आणि वायू बाटलीतच विरघळून राहतो. साधी शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून निदान १५ महिने तळघरात ठेवावी लागते. एकाच वर्षाच्या पिकाची, वर्ष छापलेली शॅम्पेन निदान ३ वर्षे. किंमत मोठी होते त्याचे हे एक कारण.

मेलेल्या किण्वाचा गाळ काढण्यासाठी बाटल्या तोंडाकडून खाली कलत्या ठेवून रोज थोड्या थोड्या फिरवतात. ही युक्ती व्हव क्लिको या नावाने प्रसिद्ध झालेल्या विधवा बाईच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. १८०५ साली नवरा वारल्यावर तिने धंदा स्वतः चालवला. दों पेरिन्याँ हे नाव आणखी महागड्या बाटलीवर दिसते. तो ओव्हिलेर येथील मठातला साधू, १७१५ साली वारला. शॅम्पेनचा शोध त्याने लावला ही मात्र दंतकथाच. द्राक्षांची निवड आणि मिश्रण यांत त्याने सुधारणा केल्या, हे खरे.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात पायपर-हाइडसिक या फ्रेंच घराण्याच्या तज्ज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन काढली आणि ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी पाठवली. ती कंपनी पुढे कर्जात बुडून बंद पडली. पण नंतर नाशिक जिल्ह्यात हा धंदा रुजला. सुलाने अशी वाइन काढली आणि मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने दिंडोरीच्या भागातली द्राक्षे घेऊन २०१३ साली 'शॅन्डन' बाजारात आणली. तेव्हा मुलांनो, बाटलीवर फ्रान्स लिहिलेले असो वा नाशिक, उघडताना काळजी सारखीच.

बाटलीत दडलेला जोर

मोटारीच्या टायरमध्ये हवा भरताना पंपवाला साधारण ३० ते ३५ आकडा धरतो. शॅम्पेनच्या बाटलीत तोच आकडा ८० ते ९० च्या घरात असतो, म्हणजे टायरच्या अडीच-तीन पट. म्हणूनच तिची काच जाड असते, बूड आत दाबलेले असते आणि बुचावर तारेचा पिंजरा असतो. या जोराने सुटलेले बूच ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकते. बाटली आणि चेहरा यांत हातभर अंतर असते. डोळा मिटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याही आधी बूच येऊन बसते.

लहानपणी आपण गोटी सोडा प्यायलो. गोटी खाली दाबली की वायू वर येतो, आणि तो सोडा तापलेला किंवा हलवलेला असेल तर निम्मा बाहेर सांडतो. इथेही तेच. वायू गार द्रवात जास्त विरघळतो आणि द्रव तापला की बाहेर यायला धडपडतो. उन्हात ठेवलेली बाटली म्हणूनच धोक्याची. खोपोलीचा घाट किंवा कर्जतचे खड्डे ओलांडून टेम्पोतून आलेली बाटलीही लगेच उघडू नये. काही तास स्वस्थ, सावलीत उभी राहू द्यावी.

बाटली उघडण्याची रीत

माझे एक स्नेही मुंबईच्या हॉटेलांत तीस वर्षे काम करून आता कर्जतला राहतात. त्या बाईंच्या धाकट्या मुलाला मी त्यांच्याकडे पाठवले आणि मीही सोबत गेलो. त्यांनी शिकवलेली रीत अशी :

१) बाटली चांगली गार करा. बादलीत निम्मे पाणी आणि निम्मा बर्फ घालून अर्धा तास ठेवा. नुसता बर्फ घातला तर बाटलीला सगळीकडून गारवा लागत नाही. फ्रीजमध्ये ठेवायची तर तीन-चार तास. बर्फाच्या खणात कधीही ठेवू नका. आतले पेय गोठले की बाटली फुटते. पिताना ८ ते १० अंश गारवा योग्य.

२) बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा. ओली बाटली हातातून निसटते. हलवू नका.

३) वरचा चमकीचा कागद काढा. मग तारेच्या पिळाचे कडे सहा अर्धे फेरे उलटे फिरवा. तार सैल करण्याच्या क्षणापासून अंगठा किंवा तळवा बुचावरून हलवायचा नाही. तार सैल झाली की बूच आपोआप सुटू शकते. थोरल्या मुलाचा डोळा गेला तो नेमका याच क्षणी.

४) बुचावर रुमाल टाका आणि बूच घट्ट धरा. बाटली जमिनीशी साधारण ४५ अंशांत कलती धरा. तोंड रिकाम्या भिंतीकडे असू द्या. माणसे, दिवे, आरसे आणि आपला चेहरा या चारही गोष्टी त्या रेषेत नकोत.

५) बूच फिरवू नका, बाटली फिरवा. एका हाताने बूच दाबून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने बुडाशी धरलेली बाटली हळूहळू फिरवायची. बूच वर येऊ लागले की त्याला मागे दाबून धरा आणि शेवटी जरा तिरके करून वायू बाजूने निघू द्या. आवाज फुसकन उसासा सोडल्यासारखा यावा. जाणकार लोक फटाक्यासारख्या आवाजाला अनाडीपणा समजतात, कारण त्या आवाजाबरोबर वायू आणि पैसे दोन्ही वाया जातात.

६) बूच अडकले तर सुरी, पेचकस किंवा बूच काढायचा स्क्रू लावू नका. पुन्हा बर्फात ठेवा आणि माहीतगार माणसाला बोलवा.

धाकट्या मुलाने पहिली बाटली उघडताना त्याचे हात थरथरत होते. दुसरी त्याने इतक्या बेताने उघडली की शेजारच्या खोलीत कळलेही नाही. स्नेही म्हणाले, "आता तू वाढपी झालास."

तलवारीने बाटलीची मान उडवण्याची आणि बाटली हलवून पाहुण्यांवर फवारा मारण्याची हौस हल्ली लग्नांत दिसते. फवाऱ्याची ही रीत १९६७ साली फ्रान्समधल्या ल माँ येथील मोटारशर्यत जिंकल्यावर डॅन गर्नी या अमेरिकन चालकाने पाडली असे मानतात. मोकळ्या व्यासपीठावर ते एकवेळ ठीक. मांडवात मुले आणि म्हातारी माणसे दाटीने उभी असतात. तिथे हा खेळ नको. काचेचा कण डोळ्यात गेला तर नवरदेवाच्या हौसेची किंमत दुसऱ्याला भरावी लागते.

ओतणे, वाढणे आणि चव

पेला उंच आणि अरुंद, किंवा मध्ये फुगीर व तोंडाशी निमुळता घ्यावा. पसरट पेल्यात वायू आणि वास लवकर उडतो. पेल्याला साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे धड येत नाहीत, म्हणून पेले नुसत्या गरम पाण्याने नीट विसळून कोरडे करावेत. पेला दांडीला धरावा. हाताच्या उबेने पेय तापते.

पेला जरा कलता धरून आधी थोडे ओता, फेस बसू द्या, मग दोन-तृतीयांश भरा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा पेले होतात. बर्फाचे खडे पेल्यात टाकू नका.

मला स्वतःला या पेयाची सवय नाही. त्या दिवशी स्नेह्यांच्या आग्रहाने दोन घोट घेतले, तेही चव कशी ओळखतात ते समजून घेण्यासाठी. त्यांनी आधी बुडबुडे पाहायला लावले. बारीक, एका रेषेत संथ वर येणारे. मग वास. पावाच्या भट्टीवरून सकाळी जाताना येतो तसा खरपूस वास आला आणि त्यामागे हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा. हा पावाचा वास त्या किण्वासोबत काढलेल्या महिन्यांतून येतो. चव आंबटसर, कोरडी. गोड सरबताची अपेक्षा ठेवणाऱ्याचा हिरमोड होईल.

बाटलीवर 'ब्रूत' लिहिले असेल तर साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे ती कोरडी. 'डेमी-सेक' लिहिले असेल तर ३२ ते ५० ग्रॅम, म्हणजे गोड. आपल्याकडे केक कापताना ब्रूत वाढतात आणि मग सगळे तोंड वाकडे करतात, कारण गोडावर ती आणखी आंबट लागते. ब्रूतबरोबर खारे, तळलेले चांगले. खारे काजू, गरम कांदाभजी. गोड पदार्थाबरोबर डेमी-सेक.

'हलकी' आहे, हा गैरसमज

"ही काही दारू नाही डॉक्टर, बायका-मुलांनाही चालते," असे मला अनेकांनी सांगितले आहे. हिशेब पाहा. शॅम्पेनमध्ये मद्यार्क सुमारे १२ टक्के. १२५ मिलिलिटरच्या एका पेल्यात साधारण १२ ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे शॅम्पेनचा एक पेला लहान पेगपेक्षा कमी नाही, किंचित जास्तच. शिवाय बुडबुड्यांमुळे मद्यार्क रक्तात लवकर चढतो, असे इंग्लंडमधल्या प्रयोगांत दिसून आले आहे. रिकाम्या पोटी तर फारच लवकर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. महागडे आहे म्हणून ते यकृताला कमी त्रास देते असे नाही. यकृत बाटलीवरचे नाव वाचत नाही.

पुढील लोकांनी एक घोटही घेऊ नये : गरोदर स्त्रिया, लहान मुले, यकृताचे रुग्ण, आणि पूर्वी व्यसन असून सुटलेले. क्षयरोगाची औषधे चालू असणाऱ्यांच्या यकृतावर आधीच ताण असतो. आवेसाठी मेट्रोनिडॅझोल घेणाऱ्यांना मळमळ, उलट्या, छातीत धडधड होण्याचा संभव असतो. झोपेच्या गोळ्यांबरोबर मद्य श्वासाला धोका करते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाते. माणूस बरळतो, झोकांड्या खातो आणि लोक 'चढली' म्हणून त्याला कोपऱ्यात झोपवतात. अशा वेळी तो मधुमेही आहे का हे आधी विचारा. शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात हलवा.

आणि गाडी. आपल्या तालुक्यातून द्रुतगती मार्ग आणि बोरघाट जातो. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. रिकाम्या पोटी दोन पेले घेतले तर बहुतेकांची ही मर्यादा ओलांडते. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी यांनी मद्य उतरत नाही. यकृताला एका पेल्यासाठी तासाहून अधिक वेळ लागतो आणि त्याला घाई करता येत नाही. यजमानांनी पाहुण्यांच्या परतीची सोय आधी करावी, मग बाटल्या मागवाव्यात. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा समारंभापुरता परवानाही घ्यावा.

डोळ्याला लागलेच तर

* डोळा चोळू नका, दाबू नका. दूध, मध, तूप, गुलाबपाणी, कोणाच्या घरातले जुने थेंब, काहीही घालू नका.
* कागदी पेल्याचे बूड कापून त्याची वाटी डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकवून चिकटपट्टीने बसवा. डोळ्यावर भार येता कामा नये.
* रुग्णाला डोके उंच ठेवून बसवा. अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी देऊ नका, रक्तस्राव वाढतो. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असल्याने खायला-प्यायलाही देऊ नका.
* त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ गाठा. दुखणे कमी झाले म्हणून सकाळची वाट पाहू नका. आत साठलेले रक्त दोन-पाच दिवसांत पुन्हा वाहू शकते.
* पुढे डोळ्यापुढे विजा चमकल्या, काळे ठिपके तरंगले किंवा पडदा ओढल्यासारखे झाले, तर मागचा पडदा सुटत असण्याची शक्यता असते. डोळा बरा वाटला तरी त्यातला दाब दरवर्षी तपासून घ्या. अशा मारानंतर काचबिंदू कित्येक वर्षांनीही होतो.

शेतघरांच्या आणि रिसॉर्टच्या मालकांना एक विनंती. ज्या मुलांच्या हाती ही बाटली देता, त्यांना एकदा तरी उघडायला शिकवा. साधा पारदर्शक चष्मा दिला तर आणखी बरे. हजारो रुपयांच्या बाटलीसमोर हा खर्च काहीच नाही.

त्या बाई जाताना म्हणाल्या, "थोरल्याला तेव्हा कोणी एवढं सांगितलं असतं तर!" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख. ज्यांच्या घरातला मुलगा या धंद्यात आहे, त्यांनी हे कात्रण त्याच्या खिशात ठेवावे.